दोन रबरी वॉशर

गाडीला एरियल बसवणं हे तासाभराचं काम. हात बसलेला असेल तर पाऊण तास पुरतो. मास्तरचा हात बसलेला होता, पण गिऱ्हाईकाला तिष्ठत ठेवण्यात त्याला मोठेपणा वाटायचा, त्यामुळे त्याच्याकडे सकाळ सहज मोडायची. "बसा" हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. शेडमध्ये एकच लोखंडी स्टूल होतं आणि त्यावर त्याचा जेवणाचा डबा असायचा.

गाव संपतं, पेट्रोलपंप मागे पडतो आणि डांबरी रस्ता पांढऱ्या सपाटीकडे वळतो, त्या वळणावर ही शेड होती. सपाटी म्हणजे खारट, कडक, पांढरीफेक जमीन, नजर जाईल तिथपर्यंत. झाड नाही, टेकाड नाही, मोबाइलला रेंज नाही. पलीकडच्या खाणींकडे जाणारे टँकर आणि ट्रक तीच वाट धरायचे आणि प्रत्येकाच्या गाडीत वायरलेस असायचा. वायरलेस विकणारे गावात पाचसहा होते, पण एरियल बसवावं तर मास्तरनंच, असं सगळे म्हणायचे. हे त्याच्या कानावर पडलं होतं, आणि तिथंच घात झाला होता.

त्याला कोणाबद्दल आदर म्हणून नव्हता. टँकरवाले अडाणी, वायरलेस विकणारे चोर, शेजारचा वेल्डर ढिला, आणि हौसेनं चारही चाकांना जोर असलेली गाडी घेणारे लोक तर त्याच्या मते निव्वळ विनोद. गाडीला जोर आला की यांना वाटतं, आपल्या छातीलाही आला. छतावर दिव्यांची माळ, मागे कुदळ, बाजूला पाण्याचे डबे, आणि जायचं कुठं, तर बायकोला माहेरी सोडायला! अशांनी मोठं एरियल मागितलं की मास्तर मुद्दाम विचारायचा, "गाडीला लावू की घराच्या गच्चीवर?"

त्याचा स्वतःचा सेट शेडमधल्या फळीवर दिवसभर चालू असायचा. हवेवर त्याचं नाव 'गरुड'. ते त्यानं स्वतःच ठेवलेलं. काम करता करता तो माइक ओढून घ्यायचा आणि दिवसभरातल्या गिऱ्हाइकांची सालं काढायचा. चाळीसपन्नास किलोमीटरपर्यंतचे ड्रायव्हर ते ऐकून खिदळायचे. लांबचा कंटाळवाणा रस्ता, त्यात फुकटची करमणूक, कोण नको म्हणेल?

तर अशा त्या शेडसमोर एका सकाळी साडेनऊला एक गडद हिरवी गाडी येऊन थांबली. चालवणाऱ्या बाईकडे लक्ष जायच्या आधीच मास्तरनं गाडी ओळखली.

सात महिन्यांपूर्वी ती गाडी आरशासारखी चकचकत होती. तिचा मालक तिशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला, खिशात पिवळं फडकं बाळगणारा माणूस होता. धुळीचा कण दिसला की फडकं बाहेर. मास्तरनं पहिल्या दोन मिनिटांत त्याचं नाव 'चकचक्या' ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या सपाटीवर पसरवलं. आता चकचक्या नव्हता. गाडीवर मिठाचा पांढुरका थर बसला होता, दारांच्या फटींमध्ये तो वाळून भेगाळला होता. चालवत होती ती चाळिशीची, सुती साडी नेसलेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली बाई. ती उतरली, मागचं दार उघडलं आणि आतून एरियल, त्याची बैठक आणि केबलचं वेटोळं काढून तिनं मास्तरच्या टेबलावर ठेवलं.

"मी त्याची मोठी बहीण," ती म्हणाली. "गाडी सपाटीवरून उचलून आणणाऱ्यांनी हे काढलं होतं. जसं होतं तसं परत बसवून द्या."

मास्तरनं एरियल हातात घेऊन उगाच वाकवून पाहिलं. तोंडावरचा तुच्छपणा त्यानं हलू दिला नाही.

"गाडी विकायची असेल तर एरियलचा काही उपयोग नाही, बाई. घेणारा आपल्या आवडीचं लावतो."

"विकायची नाही. मला तिथं जायचंय."

"कुठं?"

"गाडी सापडली तिथं. आता तिथवर वाट दाखवणारे खांब रोवलेत म्हणे."

खांब रोवलेत, हे खरं होतं. ते रोवायला आधी एक माणूस मरावा लागला होता. चकचक्याची गाडी वाट सोडून चाळीस किलोमीटर आत, कडक पापुद्र्याखालच्या चिखलात रुतली होती. चौथ्या दिवशी गाडी सापडली आणि तिच्यापासून दोन किलोमीटरवर तो सापडला, पालथा. गाडीतला वायरलेस चालू ठेवलेला, बॅटरी उतरलेली. त्या चार दिवसांत त्याची हाक कोणीही ऐकली नव्हती. चौकशीला आलेल्या साहेबानं मास्तरला विचारलं तेव्हा मास्तरनं कागदावर लिहून दिलं होतं की एरियल योग्य रीतीनं बसवलेलं होतं. वर तोंडी पुस्तीही जोडली होती, "बटण कुठलं दाबायचं तेच त्याला सुचलं नसेल, साहेब. फडकं मारण्यातून वेळ मिळाला तर ना!" साहेब हसला होता.

"तिथं जाऊन काय करणार?" मास्तरनं विचारलं.

बाईनं स्टुलाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि उभ्यानंच बोलली. "बाबा त्याचं नाव काढू देत नाहीत घरात. म्हणतात, हातात यंत्र होतं, समोर बटण होतं, आणि त्या बावळटाला साधी हाक मारता आली नाही. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणतात. फोटोसुद्धा लावू दिला नाही." तिनं टेबलावरचं केबलचं वेटोळं नीट केलं. "माझा धाकटा भाऊ घाबरट असेल, नटवा असेल, पण बावळट नव्हता. त्यानं हाक मारलीच असणार. मी तिथं जाऊन याच गाडीतून, याच एरियलवरून बोलणार. तुम्ही इथं ऐका. तुम्हाला ऐकू आलं तर मग बाबांचंच खरं. त्यानं हाकच मारली नाही, असं मी समजेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही ऐकू आलं तर... तर मग मला कळेल."

बाईला वायरलेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिनं त्याला असा पेच घातला होता की एखाद्या मुरलेल्या इंजिनियरलाही सुचला नसता.

कारण ते एरियल त्यानं योग्य रीतीनं बसवलेलं नव्हतंच.

एरियलची बैठक गाडीच्या पत्र्याला उघड्या लोखंडाशी भिडावी लागते. त्यासाठी तेवढ्या जागचा रंग खरवडून काढायचा असतो. नाहीतर सेटचा सगळा जोर हवेत जायच्या ऐवजी केबलमधून उलटा परत येतो. हे शेंबडं पोरही शिकतं पहिल्या दिवशी. पण चकचक्यानं आल्या आल्या सांगितलं होतं, "मास्तर, रंगाला ओरखडा पडता कामा नये हं, नवा आहे." दुसरा कोणी कारागीर असता तर त्यानं समजावून सांगितलं असतं. मास्तरनं मनात म्हटलं, याला सांगून काय उपयोग, हा डांबर सोडून कुठं जाणार आहे? मिरवायला हवंय ना, घे मिरवायला. त्यानं बैठकीच्या वर एक आणि खाली एक असे दोन जाड रबरी वॉशर घातले. रंग शाबूत राहिला. मीटर लावून पाहिला तेव्हा काटा थेट लाल पट्ट्यात जाऊन पडला. मास्तरनं मीटर शांतपणे स्वतःकडे वळवून घेतला आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास!" चकचक्यानं मग दारात उभ्या गाडीतून फळीवरच्या सेटशी बोलून पाहिलं. दहा फुटांवरून काय, टाचणी लावली असती तरी ऐकू आलं असतं. तो इतका खूश झाला की त्यानं मास्तरचा हात दोन्ही हातांनी धरून हलवला. त्या हातांना साबणाचा वास येत होता, आणि मास्तर त्यावरही संध्याकाळी हवेवर बोलला होता.

आता जसं होतं तसं बसवलं, तर बाईची हाक पोचणार नाही आणि मास्तरचं बिंग फुटेल. नीट बसवलं, तर हाक खणखणीत येईल आणि भाऊ कायमचा बावळट ठरेल.

मास्तरनं फार वेळ घेतला नाही. बाई पाण्याचे डबे भरायला पंपावर गेली तेवढ्यात त्यानं ते दोन रबरी वॉशर बैठकीतून काढून खिशात टाकले, मडगार्डवरच्या भोकाभोवतीचा रंग कानशीनं खरवडला, पत्रा चांदीसारखा उघडा केला आणि बैठक घट्ट आवळून टाकली. इतकं सुरेख काम त्यानं वर्षभरात केलं नव्हतं. मीटरचा काटा लाल पट्ट्याकडे जागचा हललासुद्धा नाही. रंगाची हिरवी पूड त्यानं पायानं टेबलाखाली सारली.

"दोन वाजता बोलेन," बाई म्हणाली. "तुम्ही सेटजवळ असाल ना?"

"मी कुठं जातोय!" मास्तर म्हणाला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. त्या पाठमोऱ्या एरियलकडे पाहून त्याला हसूच आलं. ही बाईसुद्धा भावाचीच बहीण, पुरावा शोधायला निघाली आणि ज्यानं तो खायचा त्याच्याच हातात देऊन गेली. वेल्डर बाहेर विडी ओढत बसला होता. त्याला मास्तर म्हणाला, "चकचक्याची बहीण. ह्या घराण्यात अक्कल वाटली तेव्हा सगळे गाडी पुसत होते वाटतं." वेल्डर हसला नाही. तो तसाही ढिलाच.

एक वाजता मास्तरनं डबा खाल्ला. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शेडचा पत्रा तापून मधूनच कट् कट् वाजत होता. फळीवरच्या सेटमधून नेहमीची खरखर येत होती. तो आवाज मास्तरच्या इतका अंगवळणी पडला होता की तो आहे हे त्याला जाणवायचंच नाही.

एक वीसला त्याला जाणवलं, की तो नाही.

सेट बंद पडला असावा म्हणून त्यानं मान वर केली. सेट चालू होता, दिवा लागलेला होता. फक्त खरखर गेली होती. वायरलेसवाल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कोणी माइकचं बटण दाबून धरलं आणि बोललंच नाही, की बाकीच्यांच्या सेटवरची खरखर अशी दबते. ड्रायव्हर लोक माइक सीटवर टाकतात आणि त्याच्यावरच बसतात, तेव्हा असं होतं. रोजचीच गोष्ट. मास्तरनं वाट पाहिली. पाचसहा सेकंदांनी खरखर परत आली. मग पुन्हा गेली.

"ताई, बटण दाबलंय, पण तुम्ही बोलत नाही," त्यानं माइकमध्ये सांगितलं. "बोला आता."

काही नाही. पुन्हा ती शांतता. सेटवर आवाजाचा जोर दाखवणाऱ्या हिरव्या दिव्यांची ओळ असते. चाळीस किलोमीटरवरून फार तर दोन दिवे लागतात. मास्तरनं पाहिलं तेव्हा सगळेच्या सगळे लागले होते. एवढा जोर येतो तो फक्त दारात उभ्या असलेल्या गाडीचा. त्यानं दाराकडे पाहिलं. बाहेर नुसतं ऊन होतं.

तेवढ्यात वेल्डर पक्कड मागायला आत आला. टेबलापाशी येऊन तो थबकला.

"सेट बंद केलास?"

"चालू आहे."

"मग एवढं शांत का वाटतंय?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं, नाकानं हुंगलं. "आणि साबणाचा वास कुठून येतोय रे?"

वेल्डर दोन पावलं मागे सरला, म्हणाला, "राहू दे, नंतर नेतो," आणि पक्कड न घेताच निघून गेला. जाताना तो मागं वळून पाहत नव्हता, हे मास्तरच्या लक्षात आलं.

खरखर परत आली, गेली. आली, गेली. आता त्या शांततेत कान देऊन ऐकलं तर अगदी तळाशी काहीतरी होतं. कोरड्या घशानं आवंढा गिळावा, तसं. कोणीतरी बोलायला तोंड उघडत होतं आणि जीभ टाळूला चिकटत होती...

मास्तरच्या तोंडावर नेहमीचं वाक्य आलं. कोणी माइकवर बसलं की तो जे ओरडायचा ते. "कोण बसलंय रे माइकवर? बूड उचल!" ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. त्याला आठवलं, की हे वाक्य तो शेवटचं कधी ओरडला होता.

सात महिन्यांपूर्वी, ओळीनं दोन दिवस. तेव्हाही खरखर अशीच मधून मधून दबत होती, अगदी किंचित, दिवा एकही न लागता. तो वैतागला होता. ओरडला होता. टँकरवाल्यांना म्हणाला होता, "कोणाचं तरी बूड फार जड आहे बघा!" आणि सगळे हसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, चकचक्या घरी परतला नाही अशी कुणकुण लागली, तेव्हा त्यानं हवेवर जाहीर केलं होतं, "बसला असेल कुठंतरी सावलीत गाडी पुसत." पुन्हा सगळे हसले. त्या संध्याकाळी खरखर दबायची थांबली. सेट ठीक झाला, असं त्याला वाटलं होतं.

हे आठवलं आणि मास्तरच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. आपल्या धंद्याची ती साधी गोष्ट त्यानं सात महिने मनाच्या आसपास फिरकू दिली नव्हती. बैठक पत्र्याला भिडली नाही, तर गाडीतून बोललेलं बाहेर जात नाही. पण बाहेरचं बोलणं गाडीत येतं. त्याला काही अडत नाही. ते व्यवस्थित ऐकू येतं, शब्द न् शब्द.

म्हणजे तो ऐकत होता. पांढऱ्या सपाटीवर, तापलेल्या गाडीत, बटण दाबून दाबून घसा फोडणारा माणूस दोन दिवस गरुडाची बडबड ऐकत होता. बूड उचल. गाडी पुसत बसला असेल. आणि मागं टँकरवाल्यांचं हसणं. आपली हाक पोचतेय, तिथं बसून ऐकताहेत, आणि तरी हसताहेत, असंच त्याला वाटलं असणार. नाहीतर गाडी सोडून उन्हात चालत निघावं, असं कोणाला का वाटेल?

मास्तरला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किळस आली. ज्या नजरेनं तो जगाकडे पाहायचा, तीच नजर आता शेडमधल्या एकुलत्या एक माणसावर येऊन ठरली होती आणि तिला त्याच्यात बघण्यासारखं काही सापडत नव्हतं. एक पोटसुटा, घामट, तोंडाळ माणूस, खिशात दोन वॉशर.

खरखर पुन्हा दबली. या खेपेला ती परत आली नाही. पाच सेकंद गेले, दहा, वीस. सगळे हिरवे दिवे स्थिर लागलेले. पलीकडे कोणीतरी बटण घट्ट दाबून धरलं होतं आणि थांबलं होतं...

ते कोण आहे, हे मास्तरनं विचारलं नाही. त्यानं माइक तोंडाजवळ ओढला.

"ऐकू येतंय," तो म्हणाला. "मला... ऐकू येतंय. तेव्हाही येत होतं. तू हाक मारलीस. दोन दिवस मारलीस. मला वाटलं कोणीतरी माइकवर बसलंय. खोटं नाही बोलत... मला खरंच तसं वाटलं. पण एरियल मी वाईट बसवलं. जाणूनबुजून. खाली रबर घातलं, मीटर तुझ्यापासून लपवला. तू विचारलंस तेव्हा फर्स्ट क्लास म्हणालो. तुझी चूक नव्हती. तू बटण बरोबर दाबलंस. ऐकताय ना सगळे? टँकरवाले? त्यानं बटण बरोबर दाबलं होतं. साहेबाला मी खोटं लिहून दिलं."

त्यानं बटण सोडलं. क्षणभर काहीच नाही. मग हिरवे दिवे एकदम विझले आणि खरखर आली, साधी, रोजची. मास्तर स्टुलावरचा डबा खाली ठेवून मट्कन बसला. शर्ट पाठीला चिकटला होता.

दोन वाजले. बाईचा आवाज आला नाही. अडीच वाजले. मास्तरनं दोनदा हाक मारून पाहिली, उत्तर नाही. तीनला त्यानं पंपावर जाऊन कोणाची गाडी मिळेल का, असं विचारलं. वेल्डर बरोबर यायला तयार झाला, पण गाडी मिळेपर्यंत पावणेपाच होऊन गेले. दोघं निघणार तेवढ्यात वळणावर धूळ दिसली, आणि हिरवी गाडी सावकाश येऊन शेडसमोर थांबली. पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. वेल्डर आपल्या दुकानात परतला.

बाई उतरली. तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता, डोळे सुजले होते, पण चाल अशी हलकी होती की सकाळची हीच का, असं वाटावं.

"तुम्ही बोलला नाहीत," मास्तर उभा राहत म्हणाला. "मी वाट पाहत होतो. दोन वाजून गेले..."

"मी कशी बोलणार?" बाई म्हणाली. "तुम्ही दोघं बोलत होता."

मास्तरला वाटलं, ऊन लागलं असेल. त्यानं स्टूल पुढं केलं. ती बसली.

"मी तिथं पोचले आणि सेट लावला तर त्याचाच आवाज. आधी मला रडूच कोसळलं. तो विचारत होता, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. घसा बसलेला, पण तोच. आणि तुम्ही प्रत्येक खेपेला सांगत होता, येतंय, बोल. किती नीट बोललात त्याच्याशी! मग तुम्ही ते रबराचं सांगितलंत. मी ऐकलं. बाबांना सांगेन मी. त्यांना फोटो लावावा लागेल." तिनं पदरानं डोळे टिपले. "मला तुमचा राग यायला हवा, मास्तर. येईलही उद्या. आज नाही."

"मी... प्रत्येक खेपेला नाही बोललो," मास्तर म्हणाला. "ताई, मी एकदाच बोललो. आणि मला त्याचा आवाज..."

"अहो, तुमचा आवाज मला ओळखता येत नाही का? सकाळीच तर ऐकला." ती समजुतीनं हसली. "शेवटी त्यानं विचारलं, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं. तुम्ही म्हणालात, ये, मी आहे. मग तो निघाला. मी मागं वळून पाहिलं, पण उन्हानं काही दिसत नव्हतं."

मास्तरनं दाराबाहेर, सपाटीकडे पाहिलं.

बाई उठली. पर्समधून गाडीची किल्ली काढून तिनं टेबलावर ठेवली.

"मी पंपावरून बसनं जाते. गाडी राहू दे इथंच. तो चालत येतोय, थकलेला असेल." दारात जाऊन ती थांबली. "त्याला म्हणावं, सावकाश चालव. घरी सगळे जागे आहेत."

ती गेली. मास्तर उभाच होता. बाहेर ऊन कलतं झालं होतं आणि वेल्डर आपलं शटर ओढत होता, रोजच्यापेक्षा तासभर आधीच. त्यानं हाक मारून विचारलं, "बंद करतोयस का? जाऊ या बरोबर."

मास्तरनं तोंड उघडलं. त्याला हो म्हणायचं होतं. पण शेडमध्ये, अगदी त्याच्या जवळून, त्याच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "तू हो पुढं. मी आहे."